आधी पेटी, मग बाजार

दिवाळी सरते. धान कापणीला येते. पहाटे अंगणाअंगणात शेकोट्या पेटतात. आठवडी बाजारात लोकरीचे गुंडे टांगलेले दिसू लागतात. तांबडे, पिवळे, आकाशी, मोरपंखी. ज्याला विणकामाची हौस आहे, त्याचा पाय तिथे अडतोच.

आमचाही अडतो. आम्हांला विणकामाची हौस आहे. हौस वाईट नव्हे. हाताला चाळा मिळतो, मनाला विसावा मिळतो, घरात एक ऊबदार वस्तू तयार होते. पण या हौसेला एक खोड आहे. लोकर विकत घ्यायला घटकाभर पुरते. ती विणून पुरी करायला महिना लागतो. म्हणून घेणे पुढे धावते आणि विणणे मागे राहते.

आमचीच गोष्ट सांगतो.

पेटीतली तीन कामे

एके वर्षी आमच्या धाकट्या बहिणीला दिवस गेले होते. बाळ पौषात होणार होते. आम्ही भाद्रपदातच आकाशी लोकर आणली आणि स्वेटर सुरू केले. पाठ विणून झाली. तेवढ्यात बाजारात पिवळी लोकर दिसली. तीही आणली. पिवळे मोजे सुरू केले. मग पांढरी दिसली. तिची शाल सुरू केली.

पुन्हा आकाशी स्वेटर हाती घेतले, तर लोकर कमी पडली. दुकानात जाऊन आणखी एक आकाशी गुंडा आणला. घरी उजेडात पाहिले, तर रंग जुळेना. पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या रंगाची. कंटाळून सारे पेटीत टाकून दिले.

बाळ पंधरा दिवस आधीच आले. थंडी कडाक्याची होती. पेटीत तीन अर्धी कामे होती, आणि बाळाच्या डोक्याला घालायला एक टोपी नव्हती! आजीने जुन्या धोतराचे मऊ, धुतलेले फडके बाळाच्या डोक्याला गुंडाळले. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घातले. बाळ सुखरूप राहिले. ते आजीच्या शहाणपणामुळे. आमच्या हौसेमुळे नव्हे.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणतात ते हेच.

रंग जुळला नाही, त्यात दुकानदाराची चूक नव्हती. गुंड्यावर कागद होता. कागदावर सर्व लिहिले होते. आम्ही तो वाचलाच नव्हता. आम्हांला वाचता येत होते, तरी वाचला नव्हता. म्हणून हा धडा.

धागा मोजून वापरणारी माणसे

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखाला धागा नवा नाही. जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांची पाने खाऊन कोशाचे किडे वाढतात. त्यांच्या कोशांपासून कोसा, म्हणजे टसर रेशीम, निघते. आरमोरीच्या बाजूला ढिवर समाजाची कुटुंबे हे किडे राखतात. नागभीडकडे कोशाचे कापड विणतात. सावली हे गाव खादीसाठी नावाजलेले होते. १९३६ साली तिथे गांधी सेवा संघाचे संमेलन भरले, तेव्हा गांधीजी सावलीला आले होते. आपल्याकडचे कुरमार लोक मेंढ्या पाळतात. मेंढीच्या लोकरीची घोंगडी पावसाला आणि थंडीलाही दाद देत नाही.

या सर्वांच्या कामात एक गोष्ट सारखी आहे. किडा राखायचा, पाखरांपासून त्याला जपायचे, कोश उकडायचे, धागा काढायचा. मेंढी कातरायची, लोकर पिंजायची, कातायची. इतके कष्ट करून धागा हाती येई. मग तो कोण वाया घालवील? हातभर धागासुद्धा मोजून वापरला जाई.

आज धागा तयार मिळतो. पैसे दिले की गुंडा हातात. कष्ट दिसत नाहीत, म्हणून मोजमाप सुटले. ते पुन्हा धरले पाहिजे.

बाळाला टोपी कशाला?

विणकाम करणाऱ्याने पहिले काम कोणते घ्यावे? घरात बाळ येणार असेल तर आमचे उत्तर एकच. बाळाची टोपी.

चंद्रपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पण पौष-माघाच्या रात्री आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. कधी त्याच्याही खाली जातो. मोठा माणूस कुडकुडतो, शेकोटीजवळ सरकतो. नुकते जन्मलेले बाळ काय करील? त्याच्या अंगावर चरबी थोडी. जन्मताना अंग ओले. अंगाच्या मानाने डोके मोठे. त्या उघड्या डोक्यातून ऊब निघून जाते. बाळ गार पडले की दूध ओढत नाही. दूध ओढले नाही की आणखी गार पडते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला हा धोका फार.

गडचिरोली जिल्ह्याने याबाबत साऱ्या जगाला धडा दिला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९५ पासून या संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम सुरू केले. गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. त्या घरी जात. बाळाचे वजन करीत. बाळाला ऊबदार ठेवायला आणि वेळेवर अंगावर पाजायला आईला शिकवीत. जंतूंची लागण झाली तर औषधोपचार करीत. तुलनेसाठी दुसरी गावे घेतली होती. त्यांच्याशी ताडून पाहता, या ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. पुढे २०११ साली सरकारने देशभर आशाताईंकडून अशी काळजी घेण्याचे ठरवले.

हे सारे एका टोपीने झाले काय? नाही. पुष्कळ गोष्टी मिळून झाले. टोपी म्हणजे औषध नव्हे. पण बाळाला ऊब देणे हा त्या कामाचा एक भाग होता, आणि टोपी आपल्या हातची गोष्ट आहे. ती वेळेवर तयार पाहिजे. बाळ आपल्या विणकामासाठी थांबत नाही.

आधी पेटी उघडा

आरमोरी तालुक्यातल्या एका घरी आम्ही बसलो होतो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मायलेकींचे बोलणे चालले होते.

“माय वो, उद्याच्या बाजारातून गुलाबी लोकर आणजो.”

“कायले वो बाई? पेटीत काय कमी हाये?”

“ते तं सारं अर्धंच हाये.”

“मंग अर्धं स्वेटर लेकराले घालता येते का? टुरा होवो का टुरी होवो, त्याले टोपी आधी पायजे. पह्यले पेटी उघड. काय हाये ते पाहू.”

पेटी उघडली. लेक साक्षरता वर्गात शिकलेली होती. तिने वही घेतली. माय एकेक वस्तू काढून सांगत गेली. लेक लिहीत गेली. वहीचे पान असे झाले :

१. हिरवे स्वेटर. पाठ झाली. पुढचा भाग व बाह्या राहिल्या. लोकर शिल्लक : २ गुंडे.
२. तांबडा मफलर. अर्धा झाला. लोकर शिल्लक : १ गुंडा.
३. पांढरी लोकर. काम सुरू नाही. शिल्लक : १ गुंडा, ५० ग्रॅम.

लेक पानाकडे पाहत राहिली. मग हसून म्हणाली, “माय, पांढऱ्या लोकरीत तं टोपी बी होते न् मोजे बी होते!”

“म्हून तं म्हणतो,” माय म्हणाली. “पेटी मुकी असते. लिहून ठेवलं का बोलते.”

त्या मायला स्वतःला अक्षर येत नव्हते. पण तिचे बोलणे आम्ही आमच्या वहीत लिहून घेतले.

तुम्हीही असेच करा. कामाचे नाव लिहा. किती झाले, किती राहिले ते लिहा. किती लोकर शिल्लक आहे ते लिहा. सुट्या लोकरीचे वजन कळत नसेल तर किराणा दुकानाच्या काट्यावर करून घ्या. मग ठरवा : जे काम कुणाला तरी लवकर लागणार आहे, ते पहिले. बाकीची कामे बांधून ठेवा. पहिले संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

गुंड्यावरचा कागद वाचा

पेटी पाहून झाली, तरी लोकर कमी आहे. मग खुशाल बाजारात जा. पण वही बरोबर घ्या.

गुंड्याला कागदाची पट्टी असते. तिच्यावर बहुधा इंग्रजी अक्षरे व आकडे असतात. घाबरू नका. ते आकडे आपण नोटेवर आणि मोबाइलवर रोज पाहतो. आकडे ओळखले तरी निम्मे काम झाले. अक्षरे कळली नाहीत तर दुकानदाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. पाच गोष्टी पाहा.

पहिली, वजन. गुंडा २५, ५० किंवा १०० ग्रॅमचा असतो. मोठा दिसणारा गुंडा सैल गुंडाळलेला असू शकतो. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आकडा वाचा.

दुसरी, लोकर कशाची आहे. बाजारात आपण जिला लोकर म्हणतो, तिच्यातली पुष्कळशी मेंढीची नसते. ती ॲक्रिलिक नावाची, कारखान्यात रसायनांपासून केलेली असते. ती स्वस्त असते, रंगाला पक्की असते, धुवायला सोपी असते. म्हणून तिला नावे ठेवू नयेत. पण तिच्यात एक मोठा दोष आहे. तो पुढे सांगतो.

तिसरी, रंगाचा क्रमांक. चौथी, लॉट नंबर. या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. एका वेळी एका हौदात रंगवलेली लोकर एका लॉटची. दुसऱ्या खेपेला तोच रंग केला तरी किंचित फरक पडतो. एकाच घरात, एकाच हळदीने, दोन दिवशी केलेले वरण तरी सारखे पिवळे होते काय? म्हणून एका कामाची सगळी लोकर एकाच वेळी घ्यावी आणि लॉट नंबर सारखा पाहून घ्यावी. आम्ही फसलो ते इथेच.

पाचवी, सुईचा नंबर. इथे उलटा हिशेब आहे. नंबर मोठा तितकी सुई बारीक. १० नंबरची सुई ८ नंबरच्या सुईपेक्षा बारीक असते.

कागद फेकू नका. कामाजवळच्या वहीच्या पानाला टाचून ठेवा. लोकर सुटी असेल तर समोर वजन करून घ्या आणि वीतभर धागा पानाला बांधून ठेवा.

पैशाचा हिशेब

समजा, बाळासाठी इतके करायचे आहे :

टोपी — २५ ग्रॅम
मोजे — २५ ग्रॅम
स्वेटर — १०० ग्रॅम
एकूण — १५० ग्रॅम

५० ग्रॅमचा एक गुंडा. म्हणजे ३ गुंडे लागतील. एका गुंड्याचा भाव समजा ४५ रुपये. तीन गुंड्यांचे १३५ रुपये झाले.

पण पेटीत ५० ग्रॅम पांढरी लोकर आहे. तिच्यात टोपी आणि मोजे होतील. मग स्वेटरचे २ गुंडेच घ्यायचे. त्यांचे ९० रुपये. ४५ रुपये वाचले. तेवढ्या पैशांत बाळंतिणीच्या पोटात डाळ जाईल, अंडी जातील.

कुणाचा हात सैल असतो, कुणाचा घट्ट. सैल हाताला लोकर जास्त लागते. म्हणून दुकानदाराला आधीच विचारून ठेवावे : “एक गुंडा जास्त नेतो. फोडला नाही तर परत घ्याल ना?” तो हो म्हणाला तरच जास्त न्यावा.

टोपी विणू या

ज्यांना सुलट व उलट टाके येतात, त्यांना ही टोपी तीन-चार संध्याकाळी करता येईल.

१० नंबरच्या दोन सुया घ्या. लोकर बारीक आणि मऊ असावी. प्रथम ३० टाके घालून चार-पाच सेंटिमीटर विणून पाहा. मग पट्टी लावून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. याला नमुना म्हणतात. नमुन्याचा कंटाळा करू नका. कपडा अंगाला बसणार की नाही, ते इथेच कळते.

नमुन्यात २५ टाके आले तर टोपीला ८० टाके घाला.
२२ किंवा २३ आले तर ७२ घाला.
२७ किंवा २८ आले तर ८८ घाला.

आता ८० टाक्यांची टोपी पाहू.

१. एक सुलट, एक उलट असे ४ सेंटिमीटर विणा. हा काठ झाला. तो ताणला जातो, म्हणून डोक्याला नीट बसतो.
२. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. काठ धरून १० सेंटिमीटर होईपर्यंत विणा. शेवटची ओळ उलट असावी.
३. आता माथा. ८ टाके सुलट विणा, पुढचे २ टाके एकत्र विणा. असे ओळभर करा. ७२ टाके उरतील. मागची ओळ उलट विणा.
४. नंतर ७ टाके सुलट, २ एकत्र. ६४ उरतील. मागची ओळ उलट. पुढे ६ आणि २ एकत्र, मग ५ आणि २ एकत्र, असे कमी करत जा. दर वेळी ८ टाके कमी होतात. शेवटी ८ टाके उरले की थांबा.
५. वीतभर धागा ठेवून तोडा. तो जाड सुईत ओवून आठही टाक्यांतून काढा आणि ओढून घट्ट करा. मग टोपीची कड शिवून टाका.

७२ टाके घातले असतील तर माथा ‘७ आणि २ एकत्र’ पासून सुरू करा. ८८ असतील तर ‘९ आणि २ एकत्र’ पासून.

येथे जपा

आता ॲक्रिलिकचा दोष. या धाग्याला आग लागली की तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, बाळाला शेक देतात. ॲक्रिलिकची टोपी, स्वेटर, शाल घातलेल्या बाळाला विस्तवाजवळ मुळीच नेऊ नका. शेगडीचा धूरही बाळाला वाईट. आईच्या छातीची ऊब सर्वांत चांगली.

धागा कशाचा आहे हे कळत नसेल तर एक परीक्षा आहे. ती मोठ्या माणसाने, अंगणात करावी. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. मेंढीची लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरता येते. सुती असेल तर कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर काळी, कडक गुठळी होते. ती गरम असताना हात लावू नका.

टोपीला गळ्याशी बांधायची दोरी लावू नका. गोंडा, मणी लावू नका. जाळीची वीण घालू नका, तिच्यात बाळाची बोटे अडकतात. टोपी तोंडावर घसरता कामा नये. घालण्याआधी ती कोमट पाण्यात धुऊन वाळवा. आतून जुने, मऊ, धुतलेले सुती कापड लावले तर उत्तम.

बाळाला घाम आला तर कपडे कमी करा. बाळाचे पोट आणि तळपाय हाताने पाहा. दोन्ही गरम असतील तर ठीक. पोट गरम आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला छातीशी घ्या. पोटही गार लागले तर छातीशी घेऊन तसेच ताबडतोब आशाताईंना बोलवा, दवाखाना गाठा.

आमच्या बहिणीचे ते लेकरू आता मोठे झाले. त्याचे आकाशी स्वेटर आम्ही पुढे पुरे केले. बाह्या वेगळ्या रंगाच्या लावल्या. पण तोवर ते त्याला लहान झाले होते. शेजारच्या बाळाने ते घातले. अर्धे काम पुरे झाले की कुणाच्या ना कुणाच्या कामी येते. पेटीत मात्र ते फक्त कसरीच्या कामी येते.

हे लक्षात ठेवा

बाजाराला जाण्याआधी पेटी उघडावी.
काय आहे, काय राहिले, ते वहीत लिहावे.
गुंड्यावरचा कागद वाचून लोकर घ्यावी. लॉट नंबर एकच असावा.
एक काम पुरे करून दुसरे धरावे.

करून पाहा

१. तुमच्या घरातल्या अर्ध्या कामांची यादी वहीत लिहा. विणकाम नसेल तर शिवण, टोपल्या, जाळे, काहीही चालेल.
२. एका झबल्याला ८० ग्रॅम आणि टोपीला २० ग्रॅम लोकर लागते. २५ ग्रॅमचे किती गुंडे आणाल?
३. तुमच्या गावात येत्या हिवाळ्यात कुणाच्या घरी बाळ येणार आहे? त्याच्यासाठी एक टोपी आजच सुरू करा. पुरी झाली की नेऊन द्या.